उंबऱ्यावर ठेवलेली क्षमा

माझे बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. लोकांना वर-खाली नेण्याचं काम त्यांचं, पण त्यांचं स्वतःचं आयुष्य जिने चढण्यात गेलं. कारण त्यांना बोलावणं यायचं तेच मुळी लिफ्ट बंद पडल्यावर. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मोटारीला कान लावून ते आजार ओळखत, आणि "हिला नुसतं वंगण हवंय, उगाच उघडू नका," असं डॉक्टरच्या तोऱ्यात सांगत. रविवारी चर्चमध्ये ते तिसऱ्या बाकावर बसत आणि सगळ्यांच्या वरच्या पट्टीत गात. आई त्यांना कोपरानं ढोसायची. त्यांना वाटायचं, ती आणखी जोरात गा म्हणतेय.

मी बारा वर्षांची असताना त्यांच्या हातून एक चूक झाली.

लिफ्टला प्रत्येक मजल्याच्या दारात एक खटका असतो. केबिन समोर येऊन थांबल्याशिवाय ते दार उघडू नये, आणि दार उघडं असेपर्यंत लिफ्ट हलू नये, हे तो बघतो. एका चार मजली इमारतीत पहिल्या मजल्याचा खटका झिजला होता. लिफ्ट मध्येच अडकायची. नवा खटका यायला चार दिवस लागणार होते आणि रहिवाशांनी फोन करून करून बाबांना भंडावून सोडलं होतं. शेवटी बाबांनी तारेचा एक तुकडा जोडला, खटक्याला बगल दिली आणि लिफ्ट चालू करून दिली. नियमानं ती बंद ठेवून दारावर पाटी लावायला हवी होती. हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. "चार दिवसांचा तर प्रश्न," असं ते घरी म्हणाल्याचं मला आठवतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या बाई शाळेला निघाल्या. आमच्या शाळेत गणित शिकवायच्या, चर्चही आमचंच. एरवी त्या जिन्यानं जात. त्या दिवशी दोन्ही हातांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, म्हणून लिफ्टकडे वळल्या. कोपरानं दार बाजूला सारलं. ते उघडलं. बाईंनी पाऊल टाकलं, आणि समोर केबिन नव्हती. ती चौथ्या मजल्यावर होती.

बाई खालच्या खड्ड्यात कोसळल्या. जीव वाचला, पण कमरेखालचं शरीर गेलं ते गेलंच. तेव्हा त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या.

बाबा दवाखान्यात पोचले तेव्हा बाईंवर शस्त्रक्रिया चालू होती. बाहेर बाकावर बाईंच्या थोरल्या बहिणी बसल्या होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. दोघी बहिणी अविवाहित, एकमेकींच्या आधारानं राहणाऱ्या. बाबा त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, ती तार मी जोडली होती." ताईंनी मान वर केली, एकदा बघितलं आणि पुन्हा दाराकडे नजर लावली.

चौकशी झाली. बाबांच्या कंपनीतल्या साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं, की दार जुनं होतं, रहिवासी ते आदळतात, एवढंच सांगा म्हणजे झालं. बाबांनी चौकशीतही तेच वाक्य सांगितलं, "तार मी जोडली होती." नोकरी गेली. परवाना दोन वर्षांसाठी काढून घेतला. बाबा खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या एका कारखान्यात लोखंड कापायला जाऊ लागले.

तिसऱ्या आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब बाबांना बाईंकडे घेऊन गेले. आईही गेली होती. तिनं मला पुढे कितीतरी वेळा ते सांगितलंय. बाई उताण्या पडून होत्या, मान हलवायला मनाई होती. बाबा पायथ्याशी उभे राहिले, म्हणजे त्यांना दिसूच नयेत अशा जागी. बाई छताकडे बघत म्हणाल्या, "मिस्त्री, पुढे या. मला वळता येत नाही."

बाबा पुढे झाले.

"मी तुम्हाला क्षमा केली आहे," बाई म्हणाल्या. "प्रभूनं मला केली, मी तुम्हाला केली. आता हे मनाला लावून घेऊ नका."

बाबांनी हात जोडले आणि बाहेर आले. जिन्यात आईला म्हणाले, "त्या चांगल्या आहेत म्हणून म्हणाल्या. मी काय ते मला माहीत आहे."

मग सुरू झाली बाबांची सेवा. बहिणींनी तळमजल्यावर घर घेतलं. त्या घराला उतार बाबांनी केला. न्हाणीघरात धरायला दांड्या लावल्या. स्वयंपाकाचा ओटा वीतभर खाली आणला, दारं रुंद केली, चाकाच्या खुर्चीची चाकं दर महिन्याला उघडून साफ केली. काम संपलं की नवं काम शोधून काढत. एकदा तर न वाजणारं बिजागर वाजतंय म्हणून त्यात तेल घातलं. बाई हसून म्हणाल्या, "मिस्त्री, त्या दाराला तुमचीच भीती वाटायला लागेल."

पण सात वर्षांत बाबा त्या घरात एकदाही बसले नाहीत. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. बाई "बसा" म्हणायच्या, आणि बाबा "हात खराब आहेत" म्हणायचे. ताई दार उघडायच्या आणि आत निघून जायच्या. त्या एकदाच बोलल्या. "देवानं सांगितलंय म्हणून माफ करणार आहे तुम्हाला. पण आज नाही." बाबांना ते बरं वाटलं. त्यांच्या मते सगळ्यांत खरं ताईच बोलल्या होत्या.

दोन वर्षांनी बाबांना परवाना परत मिळाला. परवाना देणाऱ्या कचेरीला बाईंनी स्वतः पत्र लिहिलं होतं, की इतकी काळजी घेणारा मेकॅनिक आता तुम्हाला दुसरा मिळणार नाही. बाबांनी ते पत्र वाचलं आणि दोन दिवस जेवले नाहीत. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसू लागले होते. गाणं बंद होतं. प्रभूच्या बलिदानाची आठवण म्हणून वाटली जाणारी प्रभूभोजनाची भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला आला की शेजारच्याकडे सरकवत. आई त्यांना कधी काही म्हणाली नाही. पण ती माझ्यापाशी एकदा म्हणाली, "अगं, हा माणूस वधस्तंभाखाली येऊन उभा राहतो, आणि वर बघत नाही."

सातव्या वर्षी आई आजारी पडली. आधी खोकला, मग धाप. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आक्रसत चाललीत, औषधानं वेग कमी होईल, बरं होणार नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट असूनही आईचं खाली उतरणं बंद झालं. बाबांनी तर मनाशी ठरवूनच टाकलं. एक दिवस आईचे पाय चेपताना मला म्हणाले, "मी एकीचे पाय घेतले, देव माझ्या घरातला श्वास घेतोय." आई जागी होती. तिनं डोळे मिटूनच घेतले.

त्याच आठवड्यात, एका दुपारी, खालून हाक आली. मी गॅलरीतून वाकून बघितलं. चाकाच्या खुर्चीत बाई, मागे खुर्ची धरून ताई. मी आणि बाबा धावत खाली गेलो. अपघातानंतर बाईंनी लिफ्टमध्ये पाऊल... पाऊल म्हणायची सवय जात नाही... चाक ठेवलं नव्हतं. शाळेचा वर्ग तळमजल्यावर मागून घेतला होता, वरच्या मजल्यांवरच्या लग्न-बारशांना त्या पत्रानं आशीर्वाद पाठवायच्या.

"बाई, मी तिला खाली घेऊन येतो," बाबा म्हणाले.

"तिला धाप लागते आणि तुम्ही तिला खाली आणणार? या लिफ्टची देखभाल कोण करतं?"

"मीच."

"मग चला."

ताईंचा चेहरा पांढरा पडला. बाबांनी दार उघडलं, आधी स्वतः आत जाऊन उभे राहिले, पाय आपटून दाखवला. बाई आत आल्या, मागोमाग ताईही. चार मजले जायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात बाईंनी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले होते की बोटं पिवळी पडली. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. वर आल्यावर त्यांच्या कपाळावर घाम होता. मी म्हटलं, "बाई, भीती वाटली?"

"वाटली म्हणजे काय, अजून वाटतेय," त्या म्हणाल्या. "भीती जायची वाट बघत बसले असते तर तुझ्या आईची भेट राहिली असती. म्हणून भीतीसकट आले."

त्या आईजवळ बराच वेळ बसल्या. दोघींनी प्रार्थना केली. मग आईच हळूच म्हणाली, "बाई, माझं सोडा. यांच्याशी बोला. यांना वाटतं, मी यांची शिक्षा आहे."

बाबा दाराशी उभे होते. नेहमीसारखे.

बाईंनी खुर्ची वळवली. वर्गात चुकीचं उत्तर आलं की त्यांचा आवाज जसा व्हायचा तसा झाला. "मिस्त्री, खरं का हे?"

बाबांनी मान खाली घातली.

"तुमच्या चुकीसाठी देव हिला मारणार असेल, तर मग प्रभू वधस्तंभावर कशासाठी गेला? ते पुरलं नाही का तुम्हाला? तुमचं पाप काय इतकं मोठं आहे?"

"बाई, मी तुमचं आयुष्य..."

"माझं आयुष्य माझ्याकडेच आहे," बाई म्हणाल्या. "ऐका आता. पहिलं वर्षभर मी रोज सकाळी देवाला विचारलं, का? उत्तर आलं नाही. आजही आलेलं नाही. मी त्याच्यावर ओरडले, अगदी वर्गात ओरडते तशी. तो निघून गेला नाही, एवढंच कळलं मला. तेवढ्यावर दिवस निघतो. आणि तुम्हाला केलेली क्षमा? ती मी दवाखान्यात एकदा केली आणि झालं, असं वाटतं का तुम्हाला? पाठीला जखम व्हायची, कूस बदलायला ताईला हाक मारावी लागायची, तेव्हा ती मला पुन्हा करावी लागली. रडत केली. कितीतरी सकाळी केली. आणि तुम्ही सात वर्षं ती उंबऱ्यावर ठेवून बिजागरांना तेल घालताय."

मग बाई हसल्या.

"पडले मी, आणि उठत नाही तुम्ही. हे काही बरोबर नाही, मिस्त्री."

आई पलंगावरून म्हणाली, "अहो, बसा ना."

पलंगाजवळ एक लाकडी स्टूल होतं. बाबा त्यावर बसले. हात गुडघ्यांवर ठेवले, आणि त्यांच्या खांद्यांना गदगदून हिसके बसू लागले. बाबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आवाज नव्हता. मग स्वयंपाकघरातून ताई आल्या. परक्या घरात डबे शोधून त्यांनी चहा केला होता. त्यांनी पहिला कप बाबांच्या हातात दिला.

"साखर किती घेता ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "सात वर्षांत कधी सांगितलं नाहीत."

"दोन चमचे," बाबा म्हणाले.

"एकच घातलाय. प्या."

पुढच्या प्रभूभोजनाला प्याला बाबांपर्यंत आला, तेव्हा तो त्यांनी सरकवला नाही. थोडं शर्टावर सांडलं. घरी आल्यावर आईला सांगताना म्हणाले, "मला वाटायचं, मी लायक नाही म्हणून घ्यायचं नसतं. आज कळलं, तो नालायकांसाठीच भरलेला असतो." आई हसली आणि तिला खोकल्याची उबळ आली. तरी हसतच राहिली.

आई त्यानंतर अडीच वर्षं जगली. डॉक्टरांनी एकच वर्ष सांगितलं होतं. आम्ही बरी होण्यासाठी मागत राहिलो, ते मिळालं नाही. हे मी लपवत नाही. पण त्या अडीच वर्षांत आमच्या घरात एक वेगळाच माणूस वावरत होता. तो आईला कुशीत घेऊन बसायचा, तिच्या केसांना तेल लावायचा, तिला पोट धरून हसवायचा. शिक्षा भोगणारा माणूस सेवा करतो आणि मोकळा झालेला माणूस प्रेम करतो, यातला फरक आईनं डोळ्यांनी बघितला. जाण्याआधी ती मला म्हणाली, "माझा नवरा मला परत मिळाला गं." आई गेली तेव्हा बाबा खूप रडले. पण "माझ्यामुळे" हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

आता बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. निवृत्तीनंतर काही वर्षं ते लिफ्टचं काम शिकणाऱ्यांच्या वर्गावर शिकवायला जात. पहिल्या तासाला फळ्यावर खटक्याचं चित्र काढून ते स्वतःची गोष्ट सांगत, काहीही न वगळता. एकदा एकानं विचारलं, "सर, हे सांगायला लाज नाही वाटत?" बाबा म्हणाले, "वाटायची. आता ज्यानं क्षमा केली त्याचं नाव सांगायला मिळतं, म्हणून सांगतो."

बाई आणि ताई अजून आहेत. दर रविवारी उपासनेनंतर आम्ही सगळे एकत्र जेवतो. जेवणाआधीची प्रार्थना बाबा करतात, आणि ती आमच्या घरातली मोठीच अडचण होऊन बसली आहे. पाण्याचे, अन्नाचे, आईसोबत मिळालेल्या वर्षांचे, बाईंचे, ताईंचे, माझ्या मुलीच्या पास होण्याचे, गुडघे अजून वाकतात त्याचे, असे एकेक आभार मानत ते पुढे जातात आणि कुठलाच वगळायला तयार नसतात. परवा ताईंनी एक डोळा उघडून बघितलं आणि पुटपुटल्या, "देवाला कळलंय हो सगळं, भाजी गार झाली."

बाबा थांबले, आणि मग त्यांनी भाजीचेही आभार मानले.