गिट्टीच्या ढिगावरच्या आत्याबाई

आमच्या आत्याबाईंना हळू चालता यायचं नाही. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लातुरात आमच्या घरी सासूला आत्याबाईच म्हणायची पद्धत. लग्नाच्या वरातीत त्या इतर बायकांबरोबरच निघायच्या, पण मांडवाशी पोचायच्या तेव्हा नवरदेवाचा घोडा अजून मारुतीच्या पारापाशीच असायचा. मग मांडवाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि वरात आली की व्याह्यांना ऐकवायच्या, "आलाव का? मला वाटलं, परत गेलाव." गल्लीतली पोरं त्यांना मागून 'मेल' म्हणत. त्यांच्या कानावर ते होतंच. "म्हणू द्या. मालगाडी तर म्हणत न्हाईत ना?"

आणि अशा बाईच्या नशिबी सून आली ती मी. माझं माहेर नांदेडकडचं, उमरीचं. लग्न होऊन आले तेव्हा मी शेवग्याच्या शेंगेसारखी होते, असं मी नातवंडांना सांगते. ते खोटं आहे. मी आलेच भोपळा होऊन. त्यात दोन बाळंतपणांतला डिंक, खोबरं आणि तूप अंगाने एकदा जे ठेवून घेतलं, ते परत दिलंच नाही. बसले की उठताना खांब शोधायचा आणि उठले की बसायला जागा. गरम धपाट्यावर लोण्याचा गोळा ठेवून तो वितळेपर्यंत एकाग्र चित्ताने बघत राहायचं, हा माझा सकाळचा जप होता. आत्याबाई माजघरातून वाऱ्यासारख्या जाता जाता म्हणायच्या, "उमरीकरीण, लोणी वितळलं. तू कवा वितळायचीस?"

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादची एसटी धरायचं संपलं म्हणून गावात पेढे वाटून झाले होते. नवे साहेब आले, जीपा आल्या, पाट्या रंगल्या. पाणी तेवढं आलं नाही. पाऊस नुसता मातीचा वास दाखवून औशाकडे निघून जायचा, आणि तिथलेही म्हणायचे, आमच्याकडे कुठं आला? नळ कोरडे, आड कोरडे. गल्लीच्या तोंडाशी टँकर कधी येईल याचा नेम नाही. चाहूल लागली की बायका घागरी घेऊन जीव खाऊन पळायच्या. मीही निघायचे. पोचायचे तेव्हा टँकर जिथे उभा होता तिथला चिखल शिल्लक असायचा.

एक दिवस मेलं नशीब उघडलं आणि मला पाणी मिळालं. भरलेली घागर उचलली आणि बेंबीपाशी अशी कळ आली की घागर तिथेच सुटली. हात लावून बघते तर लिंबाएवढा फुगवटा. डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि म्हणाले, हर्निया आहे. ऑपरेशन करावं लागेल, पण एवढ्या चरबीत टाके धरायचे नाहीत. आधी वजन उतरवा. तोवर घागर उचलायची नाही, पट्टा बांधून रोज चालायचं आणि जमलं तर हळूहळू पळायचं. "आणि मध्येच आतडं अडकलं तर?" आमच्या यांनी विचारलं. "मग जिवाशी गाठ आहे," डॉक्टर म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे माझी दोन पोरं आली आणि मी तिथेच भोकाड पसरलं. आत्याबाईंनी मला रडू दिलं आणि डॉक्टरांकडे वळल्या. "डाक्टरसाब, 'जमलं तर' कशाला म्हणालाव? हिला तेवढंच ऐकू येतंय."

घरी आल्यावर त्यांनी निकाल दिला. "चालणं म्हंजी बसण्याचीच बहीण. ही पळंल." आमचे हे, आडत दुकानात हमालांवर डाफरणारे, आईपुढे मात्र सुपारीएवढे व्हायचे. "आई, बाईमाणूस पळणार म्हणजे... लोक काय म्हणतील?" आत्याबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "बायको लोकाची हाय का तुझी?" विषय संपला. माझी पाचवारी साडी त्यांनी दांडीवर टाकली, स्वतःचं जुनं इरकली लुगडं मला नेसवलं आणि मागून कासोटा असा काही आवळला की माझा श्वास उमरीला पोचला. "पाचवारीत बाई मिरवती. पळायला लुगडंच लागतंय," म्हणाल्या. पायात यांनी आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. आरशात बघितलं. रंगवलेला रांजण बूट घालून उभा होता.

गावाबाहेर एका मोकळ्या रानात नवी सरकारी कचेरी व्हायची होती. चुन्याच्या रेघा आखून झाल्या होत्या, गिट्टीचे ढीग पडले होते, आणि पाण्यावाचून बांधकाम थांबलं होतं. त्यामुळे त्या जागेवर पहिलं कामकाज सुरू झालं ते आमचं. उजाडायच्या सुमाराला आत्याबाई सगळ्यात उंच ढिगावर चढून बसायच्या आणि मी रेघेरेघेने पळायचे. पळायचे म्हणजे, माझ्या मते पळायचे. पहिल्या दिवशी या ढिगापासून त्या ढिगापर्यंत गेले आणि तिथे फतकल मारली. छातीत लोहाराचा भाता. वाटलं, आता शिव्या बसणार. आत्याबाईंचं माहेर रेणापूरचं. वडील बैलांचे शौकीन, त्यामुळे त्यांची सगळी उदाहरणं गोठ्यातली. "ऊठ. गोऱ्ह्याला पैल्या दिशी जू नुसतं दाखवायचं असतंय. आज दाखवलं. उद्या मानंवर." मी जरा रेंगाळले की माझ्या मागे एक खडा येऊन पडायचा. अंगाला कधी लागला नाही. पण खडा पडला की मी उडी मारायचे, आणि त्या उडीला पळणं म्हणायचं असं आमचं ठरलं होतं.

वजन करायचं ते आमच्याच आडतीत, पोत्यांच्या काट्यावर. बाजाराच्या आदल्या दिवशी, दुकानात गर्दी नसताना, आत्याबाई मला घेऊन जायच्या. "तोंडं फिरवा रे," म्हटलं की हमाल भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मुनीमजींची मात्र पंचाईत. आयुष्यभर पोत्यांची वजनं पुकारलेला माणूस, काटा स्थिर झाला की त्यांच्या तोंडून आपोआप खणखणीत आवाज निघायचा, "पंच्याण्णऽऽव!" एकदा ओट्यावर बसलेल्या एका शेतकऱ्याने आत डोकावून विचारलं, "कशाचं पोतं हाय, मालक?" मी काट्यावर मेल्यासारखी झाले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "बियाणं हाय. इकायचं न्हाई."

आता माझा पराक्रम सांगते. मला लाज वाटायची ती पळण्याची नाही, रिकाम्या हाताने पळण्याची. दुष्काळात रिकाम्या हाताने पळणारी बाई दिसली की बघणारा आधी विचारतो, कोण गेलं? म्हणून मी अक्कल लढवली. आत्याबाई नेहमीप्रमाणे पुढे निघून गेल्यावर मी कमरेवर रिकामी घागर घेतली. बघणाऱ्याला वाटेल, पाण्याला चालली आहे. गल्लीतून पळत निघाले. मागे एक दार करकरलं आणि शेजारच्या काकूंचा आवाज आला, "आगं उठा! टँकर आला! उमरीवाली बी पळायलीय!" त्या 'बी'मध्ये काय होतं ते माझ्या लक्षात यायला दोन गल्ल्या गेल्या. टँकर आल्याशिवाय ही बाई पळणं शक्यच नाही, अशी गल्लीची खात्री होती. मागे घागरींचा खणखणाट सुरू झाला. मला वाटलं, उधळलेलं जनावर येतंय, म्हणून मी जोरात पळाले. मी जोरात पळाले म्हणून टँकर जवळ आला असं समजून त्या आणखी जोरात. केस न विंचरलेल्या, एकीच्या हातात तर घाईत घागरीऐवजी पिठाचा डबा.

अशी सगळी गल्ली मागे घेऊन मी त्या रानात पोचले. बायका थांबल्या, इकडे तिकडे बघितलं. गिट्टी, चुना आणि ढिगावर आत्याबाई. "टँकर कुठाय?" काकूंनी विचारलं.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "टँकर न्हाई. पर माझी सून समद्यांच्या आधी आली. बघितलाव का?"

काकू मला मारायलाच निघाल्या होत्या, पण पिठाच्या डब्याकडे नजर गेली आणि त्यांनाच हसू फुटलं. मग सगळ्या तिथेच गिट्टीवर बसून हसल्या. पुढे मी पळताना दिसले की कोणीतरी खिडकीतून ओरडायचंच, "काय गं, पाणी का पोट?" "पोट!" म्हटलं की खिडकी बंद.

हे आज मी तिखटमीठ लावून सांगते. तेव्हा मात्र मी घरी येऊन पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. आता जग इकडचं तिकडे झालं तरी पळणार नाही म्हणाले. आत्याबाईंनी दोन वेळा हाक मारली आणि मग मारली नाही. टँकर आला की माझ्या वाटचं पाणी त्याच भरायच्या. त्या वयात दोन-दोन घागरी. मी पांघरुणाच्या फटीतून बघायचे आणि धपाटे खायचे. एका दुपारी फुगवटा बाहेर आला तो आत जाईचना. दगडासारखा घट्ट, वर ओकारी. रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मला आडवं करून बराच वेळ हळूहळू दाबत तो आत घातला आणि म्हणाले, "आज गेला. पुढच्या वेळी जाईलच असं नाही."

मोठ्या रस्त्यापर्यंत रिक्षाने आलो. पुढची गल्ली खणून ठेवलेली, म्हणून उतरून चालावं लागलं. मी पोट धरून एकेक पाऊल टाकत होते. आत्याबाई माझ्या शेजारी होत्या. पुढे नाही, शेजारी. माझ्या पावलाला पाऊल लावून चालल्या होत्या. इतकी वर्षं त्या घरात होते, पण त्यांना हळू चालताना मी पहिल्यांदा बघितलं, आणि डॉक्टरांच्या बोलण्याने आली नव्हती एवढी भीती मला त्या चालण्याची वाटली. फुगवटा शांत झाल्यावर, डॉक्टरांनी होकार दिला त्या पहिल्याच पहाटे, त्यांच्या आधी मी उठले. लुगडं नेसून दारात उभी राहिले. आत्याबाईंनी मला वरून खाली बघितलं. "कासोटा ढिला हाय," एवढंच म्हणाल्या आणि घट्ट करून दिला.

मग मी पळाले. सबबीशिवाय, घागरीशिवाय पळाले. एक ढीग, मग दोन, मग सगळ्या कचेरीला वळसा. लोण्याचा डबा आत्याबाईंनी कुठे ठेवला ते मी शोधत राहायचे, आणि माझी शोधायची जागा त्यांना ठाऊक असल्यामुळे तो तिथे नसायचाच. मुनीमजींचा पुकार उतरत गेला. भिंतीकडे तोंड करूनच एक हमाल एकदा म्हणाला, "आई, माल वाळायलाय." आत्याबाईंनी त्याला चहा पाजला. आणि अखेर डॉक्टर म्हणाले, आता करू.

ऑपरेशनच्या दिवशी आमचे हे बाकावर बसून होते. आत्याबाई बसल्या नाहीत. मला आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत त्या दवाखान्याला फेऱ्या घालत होत्या, असं तिथल्या आयाने मला नंतर सांगितलं. वॉचमनने विचारलं म्हणे, "आजी, नवस हाय का?" तर म्हणाल्या, "नवस न्हाई रे. बसवंना." मला शुद्ध आली तेव्हा त्या कॉटपाशी उभ्या होत्या, धुळीने पाय पांढरे झालेले. माझ्या पोटावरच्या पट्टीकडे बघत म्हणाल्या, "टाके धरले म्हणं." आणि पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने बराच वेळ पुसत राहिल्या.

आत्याबाईंना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. गेल्या तेही त्यांच्या रीतीने, सकाळी पापड लाटायला बसल्या आणि दुपारी नव्हत्या. घरात त्यांच्या गोष्टी निघतात तेव्हा वरात निघते, टँकर निघतो, मुनीमजी निघतात. एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितली नव्हती.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला काही महिने पळायला मना केलं होतं. मी सकाळी पडून असायचे, पण आत्याबाई त्याच वेळी उठायच्या आणि बाहेर पडायच्या. वाटलं, सवय आहे, फिरून येत असतील. एक दिवस जरा बरं वाटलं म्हणून मी हळूहळू त्यांच्या मागे गेले. ढिगावर कोणी नव्हतं. बघते तर पलीकडच्या अंगाला, जिथे रस्त्यावरून दिसत नाही, तिथे आत्याबाई पळत होत्या.

मला पळायला शिकवलं होतं तशा नव्हत्या पळत. कोपरं हवेत, मान वर, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. रेणापूरच्या शिवारात एखादी पोर पळेल तशा. चुन्याची रेघ उडी मारून ओलांडत होत्या. लहानपणी लग्न झालेल्या त्या बाईला त्यानंतर पळायला कोणी कारणच दिलं नसावं, आणि कारणाशिवाय पळायची तेव्हा कोणाची टाप होती?

मी ढिगाआड उभी राहून बघितलं आणि हाक न मारता मागे फिरले. त्या घरी आल्या तेव्हा चहा तयार ठेवला होता. त्यांच्या छातीचा भाता चालूच होता. "आत्याबाई, धाप का लागली?" मी साळसूदपणे विचारलं.

"वय झालं गं," म्हणाल्या आणि बशी तोंडाला लावली.

पुढे डॉक्टरांनी तपासून सांगितलं, टाके उत्तम भरलेत, आता पळा खुशाल. मी घरी येऊन पोटावर हात ठेवला, चेहरा जमेल तेवढा वाकडा केला आणि आत्याबाईंना सांगितलं, अजून दुखतंय, आणखी महिनाभर तरी मला यायला जमणार नाही.

"न्हाई तर न्हाई. आराम कर," आत्याबाई म्हणाल्या. एवढ्या पटकन त्या माझं कधीच मान्य करत नसत.