सिस्टर एक की दोन

पनवेलच्या एका शाळेत मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण खोड काही गेली नाही. हॉटेलच्या मेन्यूवर पिझ्झाचं अनेकवचन करताना कुणी अपॉस्ट्रॉफी दिली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मालकीचं चिन्ह आहे ते, बाबांनो, वरून भुरभुरायची कोथिंबीर नाही. माझी मुलगी तर माझ्यासोबत हॉटेलात यायलाच कंटाळते.

आमच्या सोसायटीखालच्या गाळ्यात दोघी सख्ख्या बहिणींनी पोळीभाजी केंद्र काढलं. माहेर जासईकडचं. गाळा थोरलीच्या नावावर. धाकटी तळोज्याचं सासर सोडून तिच्याकडे राहायला आलेली. पोळ्या धाकटीच्या हातच्या, संध्याकाळपर्यंत मऊ. बोर्ड मात्र इंग्रजीत: सिस्टर्स किचन. आणि अपॉस्ट्रॉफी एसच्या आधी!

मला कुठलं राहवतंय. पोळ्या घ्यायला गेले ती सुरूच झाले. तुमच्या पेंटरने घोळ घातलाय, म्हटलं, असं लिहिलं तर किचन एकाच बहिणीचं होतं. दोघींचं म्हणायचं तर ही टिकली एसच्या नंतर हवी. थोरली हसून म्हणाली, एवढ्याशा टिकलीने काय होतंय. झालं, मला आयता वर्ग मिळाला. पोळ्या बांधायच्या कागदावर मी लिहून दाखवलं: 'बहिणीचं' आणि 'बहिणींचं'. आपल्याकडे जे काम एक अनुस्वार करतो, तेच तिकडे ही टिकली करते.

धाकटीचं लाटणं थांबलं. "मंग ती येक बहीन कोन?" तिने विचारलं.

थोरली भाजी ढवळत राहिली. मी पोळ्या घेऊन सटकले.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी गाळ्यावर दिसेना. थोरली एकटीच जाड जाड पोळ्या लाटत होती. मला अन्न गोड लागेना. माझ्या जिभेला हाड म्हणून नाही! एक घर सुटलेल्या बाईला मी दुसरंही परकं करून दिलं, आणि कशासाठी, तर व्याकरणासाठी.

चौथ्या दिवशी थोरली माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्यातच उभी. मी माफी मागायला लागले, तर तिने मला थांबवलं. पेंटरची काही चूक नव्हती म्हणाली. त्याने आधीच विचारलं होतं, बहीण एक की दोन.

"मीच येक सांगितली. वाटलं, दोन म्हैन्यांत जाईल परत नवऱ्याकडं."

पनवेलात इंग्रजी काय ते मलाच येतं, असं समजत होते मी.

पेंटरला तिने पुन्हा बोलावलं होतं, पण धाकटी ऐकायला तयार नव्हती. "म्हनते, बाई बोलल्या म्हनून करतेस. आता तुमीच सांगा तिला."

मी तशीच तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. धाकटी भिंतीला टेकून बसली होती, शेजारी कपड्यांची भरलेली पिशवी. व्याकरणाचं मी अवाक्षर काढलं नाही. म्हटलं, बोर्ड चुकला नव्हता गं, तो बरोबरच होता. तुझ्या बहिणीचा विचार बदललाय. तू जाऊ नयेस असं वाटतंय तिला.

माझ्याकडे न बघता तिने बहिणीला विचारलं, "पेंटर कदी येनार हाय?"