वसूचा डावा खांदा

वसू गेली, हे मला सकाळीच तिच्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या फोनने कळलं होतं. दुपारपर्यंत मी रडत होते. मग इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला, 'आपल्या सर्वांची लाडकी, सदा हसतमुख, सुगरण वसुंधरावहिनी...' आणि माझं रडणं जे थांबलं, ते थांबलंच. हसतमुख? जर्मनीत, नेकारसुल्ममध्ये आल्यापासूनची माझी ही मैत्रीण कधीच हसतमुख नव्हती. तिला राग यायचा, भरपूर यायचा आणि तो तिला शोभायचा. सुगरण तर ती नव्हतीच. तिचे मोदक वाफेला बसले की तोंड उघडायचे, आणि ती तसेच ते ताटात वाढून म्हणायची, "खा. पोटात जाऊन फुटणारच आहेत." श्रद्धांजलीच्या सभेत मात्र एकामागून एक माणसं उठून त्याच मोदकांबद्दल बोलत राहिली. शेवटी मी उभी राहिले आणि म्हटलं, "वसू स्वतः घडवलेल्या रायफलने तीनशे मीटरवरचा नेम साधायची. त्याबद्दल कुणी बोलणार आहे का?" हॉलमध्ये खुर्च्या कुरकुरल्या. शेजारच्या काकूंनी माझी बाही ओढली. "अगं, आज नको ते विषय. शुभ-अशुभ काही असतं की नाही?" मी खाली बसले. दोन महिने होत आले आता, राग खाली बसलेला नाही. म्हणून हे लिहितेय.

वसू मिरजेची. कॉलेजात असताना एनसीसीत तिच्या हाती पहिल्यांदा रायफल आली. शिकवणाऱ्या सुभेदारांनी एकदा तिचं भोकं पाडलेलं टार्गेट घडी घालून खिशात ठेवलं, घरी बायकोला दाखवायला. मग दिल्लीच्या शिबिरासाठी तिची निवड झाली आणि नेमके त्याच आठवड्यात तिला बघायला पाहुणे यायचे होते. वडील म्हणाले, "बंदुका काय, पुढेही दिसतील." वसू घरी थांबली, पोहे केले, साडी नेसली. पाहुण्यांनी रंगावरून नकार दिला. हे सगळं मला कसं कळलं, तेही सांगते. आम्ही दोघी नव्याने इथे आलो होतो, जर्मनच्या वर्गात शेजारी बसायचो. बाईंनी 'हवं होतं' आणि 'परवानगी नव्हती' अशी क्रियापदं वापरून आपल्या लहानपणाबद्दल बोलायला सांगितलं. कुणी आइस्क्रीमबद्दल बोललं, कुणी सायकलबद्दल. वसू उठून म्हणाली, "इश वोल्टं शीसन. इश दुर्फ्टं निश्ट." मला नेमबाजी करायची होती. करू दिली नाही. बाई खूश होऊन म्हणाल्या, "झेअर गूट! व्याकरण अगदी बरोबर." वसू बसली आणि मराठीत माझ्या कानात म्हणाली, "घाल चुलीत तुझं व्याकरण."

इथे गावोगाव नेमबाजांचे क्लब असतात, फेराईन म्हणतात त्यांना. भजनी मंडळाइतकी साधी गोष्ट. जवळच्या एका गावच्या जत्रेत वसूने हवेच्या बंदुकीने अशी काही भोकं पाडली की, स्टॉलवरच्या म्हाताऱ्या बाईंनी बक्षिसाचं टेडी अस्वल बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तू आमच्या क्लबात का येत नाहीस?" वसू गेली. वर्षभर नेमाने गेली, परीक्षा दिली, परवाना काढला. ती एका डिझाइन कंपनीत यंत्रांचे भाग आखायची, श्रीकांत गाड्यांच्या कारखान्यात. श्रीकांतच्या दोन अटी होत्या. बंदूक तळघरात राहील आणि पुण्याला आईला कळता कामा नये. कायद्याप्रमाणे पोलादी कपाट आणावं लागलं. सासूबाई आल्या तेव्हा त्यांना सांगितलं, त्यात सोनं आहे. झालं! लक्ष्मीपूजनाला सासूबाई ताम्हन घेऊन तळघरात उतरल्या, कपाटाला हळदकुंकू वाहिलं, साळीच्या लाह्या ठेवल्या, वसूलाही नमस्कार करायला लावला. वसूने मनोभावे केला. नंतर मला म्हणाली, "माझी खंडेनवमी जरा उशिरा झाली, एवढंच."

क्लबची रायफल तिला कधीच जमली नाही. ती सहा फुटी पुरुषांच्या मापाची. वसू पाच फुटांवर जेमतेम. झोपून नेम धरायचा तर मान ताणावी लागे, गाल टेकत नसे, बोट चापापर्यंत पोचेपोचेतो मनगट वाकडं होई. "दुसऱ्याचा ब्लाउज घालून लग्नाला गेल्यासारखं वाटतं," ती म्हणायची. शेवटी तिने स्वतःच्या मापाची रायफल घडवायचं ठरवलं. नळी बसवणं, बोल्ट जुळवणं ही कामं इथे परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असतात आणि नंतर सरकारी चाचणीघरात तिच्यातून जादा दाबाची गोळी झाडून शिक्का घ्यायचा असतो. ते सगळं क्रामर नावाच्या कारागिरांनी केलं. खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता मात्र वसूचा. अक्रोडाचा ठोकळा तळघरात शिकंज्यात धरून तिने तो कोरला. लोखंडाचा भाग लाकडात केसभरही हलला तर तीनशे मीटरवर गोळी तळहाताएवढी भरकटते, असं तिनेच मला समजावलं होतं. म्हणून ती लोखंडाला काजळ लावायची, आपलं साधं डबीतलं, लाकडात दाबायची, आणि काळं जिथे उमटेल तिथे पटाशीने पापुद्रा काढायची. पुन्हा काजळ, पुन्हा पापुद्रा. मंडळाच्या हळदीकुंकवाला ती आली की तिच्या नखांत काजळ असे आणि बायका एकमेकींकडे बघत.

पहिली रायफल तयार झाली त्याच वर्षी तिच्या उजव्या काखेत गाठ आली. डॉक्टरांनी विचारलं, काही खेळता का? तिने खरं ते सांगितलं. डॉक्टर हसले. बंदुकीचा धक्का बसतो तिथे, स्नायू सुजलाय, मलम लावा आणि हा नाद सोडा. घरी श्रीकांत म्हणाला, "मी सांगत नव्हतो?" मंडळात कुणीतरी सांगितलं, शस्त्रात नकारात्मक ऊर्जा असते. वसू पुन्हा डॉक्टरांकडे गेली, म्हणाली, दस्ता खांद्यावर टेकतो, काखेत नाही. डॉक्टरांनी नवं मलम दिलं. असा सगळा उन्हाळा गेला. मोठ्या इस्पितळात तपासणी झाली तोवर गाठ स्तनातून बगलेपर्यंत आलेली होती. कॅन्सर होता. रायफलचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, पण एकाही माणसाने येऊन तिला म्हटलं नाही की, बाई, आमचं चुकलं. उलट भेटायला आलेल्या काकू म्हणाल्या, "आता तरी ते सोडशील ना?" वसूने डोक्याला बांधलेला रुमाल सारखा केला आणि विचारलं, "काकू, तुमचं पित्त वाढलं तेव्हा तुम्ही भजन सोडलं होतं?"

शस्त्रक्रियेनंतर उजवा हात सुजायचा. त्या खांद्यावर धक्का सोसणं आता अशक्य होतं. मीसुद्धा मनात म्हटलं, संपलं बिचारीचं. आणि एके दिवशी चहाला गेले तर बाई डाव्या हाताने पोळ्या लाटतायत, चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटपट्टी! "अगं, हे काय?" तर म्हणाली, "डावा डोळा आळशी आहे. त्याला कामाला लावतेय." पोळीचा नकाशा झाला होता. जुनी रायफल विकून तिने नवा ठोकळा आणला. क्रामरांनी डावखुऱ्यांचा बोल्ट मागवला. ते मितभाषी गृहस्थ, पण त्या दिवशी तिला म्हणाले, "फ्राऊ वसू, सगळं पहिल्यापासून करावं लागेल. हातालाही आणि डोक्यालाही." वसू म्हणाली, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून तर आले." काजळ, पटाशी, पापुद्रा... पण पटाशी आता डाव्या हातात, आणि सुजलेल्या उजव्या हाताने फक्त लाकूड धरायचं. आधीच्या दस्त्यापेक्षा तिला दुप्पट वेळ लागला. तोही मध्ये मध्ये केमोचा आठवडा सोडून.

तिची ती एकच स्पर्धा मी पाहिली. डोंगराच्या कुशीतलं मैदान, कडेला उंच मातीचे बांध, कानांवर जाड आवरणं. वसू सतरंजीवर पालथी झोपली, डाव्या खांद्यात दस्ता घेतला, गाल टेकला, आणि मी पाहिलं की तिला मान ताणावी लागली नाही. रायफल तिच्या अंगाला जणू फांदीसारखी फुटलेली होती. एक गोळी, मग थांबणं, वाऱ्याकडे बघणं, मग दुसरी... ती चौथी आली. लोक अभिनंदन करत होते आणि ही संतापलेली. "शेवटच्या दोन गोळ्यांना वारा फिरला होता. मला दिसलं होतं. तरी मी घाई केली. गाढव आहे मी." परतीच्या वाटेवर गाडीत ती अख्खा वेळ स्वतःला शिव्या देत होती. तिला इतकं सुखी मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात आजार यकृतात उतरला. शेवटच्या आठवड्यात मी इस्पितळात तिच्यापाशी बसले होते. श्रीकांत खिडकीशी उभा होता. ती म्हणाली, "श्री, रायफलचं क्रामरला कळव. तो बघेल काय करायचं ते." श्रीकांत म्हणाला, "हो गं, कळवतो. तू पड." हे माझ्या कानांनी ऐकलंय मी.

महिन्याभराने क्रामरांचा मला फोन आला. श्रीकांतने त्यांना कळवलंच नव्हतं. त्यांना दुसरीकडून समजलं की रायफल सरकारी ऑफिसात जमा झाली. नष्ट करण्यासाठी. मी तशीच उठून श्रीकांतकडे गेले. त्याने दार उघडलं, मी चपलाही काढल्या नाहीत.

"वसूने काय सांगितलं होतं तुला?"

"मंजू, बस आधी."

"बसायला नाही आले. क्रामरना फोन का नाही केलास?"

"करणार होतो..." तो भिंतीला टेकला. "आईचा रोज फोन. घरात ते ठेवू नकोस म्हणून. आणि मला खरंच ते नको होतं घरात. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, फेरनिश्टुंग? म्हणजे मोडीत काढायची का? मी हो म्हणालो. एका मिनिटाचं काम होतं."

"आणि दस्ता?"

"म्हणजे?"

"लाकूड, श्रीकांत! कायद्याला हवं असतं ते लोखंड. नळी, बोल्ट, ते खालचं सगळं. लाकूड हे हत्यार नाही. त्याला परवाना लागत नाही. दोन स्क्रू सोडवले असतेस तर ते वेगळं झालं असतं. तिने हाताने कोरलेलं लाकूड या घरात, या सोफ्यावर राहिलं असतं. तुझ्या मुलीला देता आलं असतं."

 मग अगदी हळू आवाजात त्याने विचारलं, "दोनच?"

त्यांची मुलगी सानिका जिन्यात उभी होती. ती मराठी समजते, बोलत नाही. तिने वडिलांना जर्मनमध्ये एकच प्रश्न विचारला, "बाबा, तुम्ही क्रामरना विचारलंत का नाही?" आणि ती खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

श्रीकांत तळघराकडे निघाला. का, ते त्यालाही ठाऊक नसावं. मी मागोमाग गेले. त्याने दिवा लावला. कपाटाचं दार उघडं, आत रिकामं. बाक पुसून लख्ख केलेला. शेजारच्या बाई मदतीला आल्या होत्या म्हणे. सगळं झाडलं, पुसलं, हत्यारं खोक्यात भरली. काहीच उरलं नव्हतं, फक्त वास होता. जवसाच्या तेलाचा. दस्ता कोरून झाला की त्यात तळहाताने तेल जिरवायचं, वाळू द्यायचं, पुन्हा जिरवायचं. हे आठवडेच्या आठवडे चालतं. त्या खोलीच्या भिंतींनी ते तेल पिऊन घेतलं होतं.

श्रीकांत खोलीच्या मध्यावर थांबला. त्याने एकदा श्वास घेतला, मग पुन्हा घेतला.

"हा वास..." तो म्हणाला. "हा तिच्या हातांना यायचा. उशीला यायचा. मला वाटायचं, तिचं कुठलंतरी क्रीम आहे."

इतकी वर्षं. त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

तो तिथेच बाकाला धरून रडायला लागला. माणूस रडत असला की आपण जवळ जातो, पाठीवर हात ठेवतो. मी नाही ठेवला. मी दारात उभी राहिले, तो वास घेत, आणि तो जितका घेता येईल तितका घेतला. मग जिना चढून वर आले. निघताना तळघराचं दार मात्र घट्ट लावून घेतलं, वास बाहेर जाऊ नये म्हणून.