आनिसा म्हणून लिही

आमच्या अलेक्झांड्रियाच्या गल्लीत नश्वाशी वाद घालायला कुणी धजत नाही. वय सदतीस, बायकांना गाडी चालवायला शिकवते. लग्नाचं म्हणाल तर मनासारखा कुणी भेटला नाही, आणि मनाविरुद्ध ती चहासुद्धा पीत नाही. स्त्रीबीजं झपाट्यानं कमी होताहेत, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर तिनं ठरवलं, आत्ताच काढून गोठवून ठेवायची. बीजं वाढावीत म्हणून बारा दिवस स्वतःच्या हातानं पोटात सुया टोचून घेतल्या.

तिची आई हज्जा इन्साफ माझी जुनी शेजारीण. 'लोक काय म्हणतील' हा तिचा कायमचा आजार. बीजं काढायच्या सकाळी तिनं स्वतःची लग्नाची अंगठी लेकीच्या बोटात कोंबली आणि मलाही सोबत ओढलं.

दवाखान्याच्या खिडकीवरच्या बाईची नजर नेमकी अंगठीवर गेली. "मादाम, नवऱ्याची सही?"

"मादाम नाही, आनिसा म्हणा. माझं लग्न झालेलं नाही."

"मग ही अंगठी? नवऱ्याला चोरून आलात काय?"

नश्वानं ओळखपत्र पुढे केलं, त्यावर 'अविवाहित' असं छापलेलं.

"लग्नानंतर कार्ड कोण बदलतंय लगेच! सही घेऊन उद्या या."

उद्या कुठलं! शेवटची सुई देऊन झाली होती. तासाभरात बीजं काढली नाहीत, तर बारा दिवसांची मेहनत पाण्यात. नश्वा अंगठी ओढू लागली, पण बोटं सुजलेली, ती हलेना.

मला राग आवरेना. "घाल इन्साफ, अजून एक अंगठी घाल तिला!"

इन्साफचा चेहरा उतरला होता. समोरच्या बाकावर आमच्याच गल्लीतली शिंपीण कान टवकारून बसलेली. इन्साफनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि उठली. पर्समधलं क्रीम काढून लेकीचं बोट चोपडलं, अंगठी अशी हिसकली की नश्वा ओरडली, आणि ती अंगठी इन्साफनं खिडकीवर आपटली.

"आतलं नाव वाच. फौझी, एकोणऐंशी साल. माझा नवरा तो, अल्ला त्याच्यावर दया करो. अंगठी माझी, लाजही माझीच होती. पोरगी आनिसा आहे. लिही, मोठ्या अक्षरात लिही!" मग शिंपिणीकडे वळली. "ऐकलंस ना नीट? गल्लीत सांगताना चुकू नकोस."

थोड्या वेळानं नर्सनं हाक मारली, "आनिसा नश्वा!"

नश्वाच्या आधी इन्साफच उभी राहिली. "ही काय, इथे आहे!"