शेवटच्या चार ओळी

"थांब आई. आधी सांग, हे लिहिणार आहेस का? लिहिणार असशील तर मी बोलतच नाही."

"नाही लिहीत गं बाई. बोल लवकर, बटाट्याचं पाणी उतू चाललंय माझं."

पोरीने चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. दारातच उभी राहून म्हणाली, "पेटीमावशींनी आज शिकवलं नाही. अर्धंच दार उघडलं. म्हणाल्या, आईला सांग, आज चार वाजताच्या मयतीला मी वाजवायला येणार नाही. उद्याच्या उपासनेलाही नाही."

"बरं नाही का त्यांना?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाल्या, मी तर बरी झालेय म्हणे, तुझ्या आईलाच विचार."

पाळकिणीने गॅस बंद केला. बटाटे कच्चेच राहिले.

पाळकीण म्हणजे पाळकसाहेबांची बायको. अठरा वर्षं हेच तिचं नाव. चर्चच्या मागच्या तीन खोल्यांत तिचा संसार. पुढची खोली नावालाच तिची, तिथे कुणीही कधीही यावं, बसावं, रडावं, पाणी पिऊन जावं. हाती ना पद ना सही, पण काम गाडाभर. बायकांची प्रार्थनासभा तिची, पोरांचा रविवारचा वर्ग तिचा, आजाऱ्यांच्या भेटी तिच्या, वेदीवरच्या कापडाची इस्त्रीही तिचीच. साहेब चिडले की त्यांना गार करणं हे तर कुठल्या यादीतच नाही.

चार वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीच्या पत्रकाची मागची बाजू कोरी जाते म्हणून साहेबच म्हणाले होते, "तू खरड काहीतरी." तिने खरडलं. पुढे पत्रक बंद पडलं, पण हिचं खरडणं काही थांबेना. मग भाचीने तिला फोनवर ब्लॉग काढून दिला. दर बुधवारी, फोन साखरेच्या डब्याला टेकवून, एका हाताने भाजी ढवळत नि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने टकटक करत ती लिहायची. आणि लिहायची फक्कड. कुठकुठल्या बायका वाचायच्या आणि कळवायच्या, अहो, हे तर आमच्याच घरातलं!

तिच्या घरातल्यांना मात्र ते पुरतं झालं होतं. साहेब घोरतात हे साऱ्या मंडळीला कळल्यापासून ते डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपत. पोरगी तर तोंड उघडण्याआधी हमी मागायची.

पेटीमावशी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. ऑर्गन म्हणायला जुन्या लोकांची जीभ वळेना, ते पेटीच म्हणायचे, म्हणून या पेटीमावशी. बत्तीस वर्षं त्या एकाच स्टुलावर. दोन वर्षांपूर्वी नवरा वारला, त्याच्या मयतीलाही दुसरं कुणी नव्हतं, म्हणून यांनीच वाजवलं.

तीन आठवड्यांपूर्वी त्या पेटीच्या पट्ट्या ओल्या फडक्याने पुसत होत्या आणि पाळकीण बाक झाडत होती. पुसता पुसता, मान वर न करता मावशी म्हणाल्या, "एक सांगू तुला? हे गेल्यापासून मला प्रार्थना येत नाही. सगळे म्हणतात तेव्हा मी नुसते ओठ हलवते."

तिथे पाळकिणीने झाडू ठेवायचा होता. जवळ जाऊन बसायचं होतं. ती गेलीही, बसलीही, पाठीवरून हातही फिरवला. पण हात फिरत असतानाच डोक्यात पहिलं वाक्य तयार झालं होतं. ते तिला थांबवता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर थांबवावंसं वाटलंही नाही.

बुधवारी तिने लिहिलं. नाव घातलं नाही. ओळख लागू नये म्हणून पेटीही काढून टाकली आणि त्या बाईला चौथ्या बाकावर बसवलं. लिहून झाल्यावर वाटलं, हे फार कोरडं संपतंय, वाचणारीला धीर मिळायला हवा. म्हणून शेवटी चार ओळी जोडल्या. परवाच्या रविवारी मी तिच्या शेजारी उभी होते, आणि आमेन म्हणताना तिचा आवाज मला ऐकू आला, अशा.

असं काही झालंच नव्हतं.

पण त्या चार ओळींनी कमाल केली. दोनशेच्या वर बायकांनी उत्तरं लिहिली. मंडळीत वेगळीच गंमत सुरू झाली. चौथ्या बाकावरच्या तिघी पुढल्या रविवारी इतक्या जोरात प्रार्थना म्हणाल्या की खिडकीतली कबुतरं उडाली. बाकीचे डोळे मिटायचे सोडून एकमेकांचे ओठ बघत राहिले. गेल्या रविवारी तर चौथा बाक ओसच पडला होता. नेमक्या त्याच आठवड्यात साहेबांना दोन मयती आणि एक लग्न. रविवारच्या प्रवचनाचा संदेश तयार करायला वेळ नव्हता. त्यांनी बायकोचा मजकूर उचलला आणि वेदीवरून सांगितला. "आपल्यातल्याच एका बहिणीला देवाने तिचा आवाज परत दिला!" मंडळी जोरात आमेन म्हणाली. मावशी हाताच्या अंतरावर पेटीपाशी बसल्या होत्या.

आणि आज हा निरोप.

पाळकीण जिना चढून मावशींकडे गेली तेव्हा त्या गॅलरीतल्या दोरीवरच्या चादरी काढत होत्या. तिला बघून म्हणाल्या, "बसू नका. हे टोक धरा."

दोघींनी चादर ताणली. अठरा वर्षं "अगं-तुगं" करणारी बाई आज "तुम्ही" म्हणाली होती.

"मावशी, माझं चुकलं. नाव घातलं नव्हतं, तरीसुद्धा..."

"नावाचं काय घेऊन बसलात! चौथ्या बाकावर बसवलंत, त्याचं तर बरंच वाटलं. बत्तीस वर्षं बिनपाठीच्या स्टुलावर काढली, तेवढीच पाठ टेकली." मावशी चादरीचं टोक घेऊन पुढे आल्या, तिच्या हातातलं टोक काढून घेतलं, घडी घातली. "दुसरी धरा. नीट ताणा."

"मग राग कशाचा?"

"आमेन म्हणताना आवाज ऐकू आला म्हणता. कुणाचा आला?"

पाळकीण चादरीची कड सारखी करत राहिली.

"विचारतेय मी. कुणाचा? माझा तर नव्हता."

"वाचणाऱ्यांना धीर यावा म्हणून मी..."

"आला ना त्यांना धीर. साहेब वरून म्हणाले, तिला आवाज मिळाला. सगळी मंडळी आमेन म्हणाली. मी काय केलं ठाऊक आहे? मीही ओठ हलवले." मावशींनी चादर झटकली. "दोन वर्षं वाट बघतेय त्या आवाजाची. तुम्ही एका बुधवारी आणूनही दिलात. आता उद्या तो खरंच आला, तरी मला तो माझा वाटायचा नाही. वाटेल, हा पाळकीणबाईंनी लिहिलेला."

"सगळं पुसून टाकू का?"

"मला नका विचारू. आधी विचारायचं सुचत नाही तुम्हाला, नंतर परवानगी बरी लागते." चौथ्या चादरीची घडी ठेवून मावशी आत गेल्या आणि पेटीची चावी घेऊन आल्या. "ही असू द्या तुमच्याकडे."

"आजच्या मयतीपुरत्या तरी या ना. घरच्यांनी तुमचंच वाजवणं मागितलंय."

"त्यांना म्हणावं, बरी झालेली बाई शोधा. तिला येत असेल वाजवता." आणि दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

जिन्यात पाळकीण चावी मुठीत धरून उभी राहिली. आणि तिथे, त्या क्षणी, तिच्या डोक्यात वाक्य उठलं: दोन बायका चादरीची दोन टोकं धरून भांडतात, आणि दर घडीला त्यांचे हात एकमेकींना लागतात. चांगलं वाक्य होतं. तिला स्वतःचीच किळस आली. कठड्याला टेकून तिने फोन काढला आणि शेवटच्या चार ओळी पुसल्या. त्यांच्या जागी एकच ओळ लिहिली: "यापुढचं मी रचलं होतं, ते खरं नव्हतं." दोनदा अक्षर चुकलं. पण पाठवलं.

घरी पोचायच्या आत चर्चच्या सेक्रेटरींचा फोन साहेबांना येऊन गेला होता. साहेब मधल्या खोलीत उभे होते, एका हातात फोन, एका हातात न बांधलेला टाय.

"काय केलंस हे? लोक म्हणतायत, पाळकिणीने खोटं लिहिलं आणि पाळकाने ते वेदीवरून सांगितलं."

"खरंच आहे ते."

"मला विचारायचं तरी!"

"माझं उचलताना तुम्ही मला विचारलं होतं?"

साहेब पलंगावर बसले. टायचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. आवाज खाली आला. "तुझं बरं आहे. तुझं पुसता येतं. मी तर अडीचशे माणसांसमोर बोललोय. ते कसं पुसू?"

"अहो, बोलूनच. उद्या उभं राहून सांगा, हे झालं नव्हतं."

"पाळकाने? वेदीवरून?"

"सांगितलं तिथूनच ना?"

साहेब म्हणाले, "बघू." त्यांच्या घरात बघू म्हणजे नाही, हे पोरीलासुद्धा माहीत होतं. मग म्हणाले, "आणि तो ब्लॉग बंद कर. चर्चच्या पंचांनी विचारलं तर तेवढं तरी सांगता येईल मला."

"पंचांसाठी करू, की मावशींसाठी?"

साहेब उठून टाय बांधू लागले. तिनेही पुढे रेटलं नाही, कारण दोन्हींतलं कुठलंही उत्तर तिला पुरलं नसतं. दोनशे बायकांतल्या निम्म्यांनी लिहिलं होतं, मीही नुसते ओठ हलवते. त्यांच्या तोंडावर दार लावायचं, की पुन्हा कुणाच्या तरी पाठीवर हात ठेवून डोक्यात वाक्यं जुळवत बसायचं?

साहेबांनी पोरीला हाक मारली. "तुला येतात ना दोन गीतं? आजच्यापुरती वाजव."

पोरगी म्हणाली, "दोन्ही त्यांनीच शिकवलीत, बाबा. त्यांच्या स्टुलावर मी नाही बसणार." आणि निघून गेली.

तीन वाजत आले. मयतवाले येऊ लागतील. पाळकिणीने बटाटे पुन्हा गॅसवर चढवले, पदर खोचला आणि मधल्या दाराने चर्चमध्ये गेली. पेटी बंद होती; तिने ती तशीच राहू दिली. भिंतीवरच्या फळीवर आजच्या गीतांचे आकडे साहेबांनी लावले होते. तीन गीतं, तिन्ही अवघड, पेटीशिवाय दुसऱ्या ओळीत बेसूर होणारी. तिने एकेक आकडा खाचेतून काढला. वाजवणारं कुणी नसलं तरी चालतील, माणसांना तोंडपाठ असतील, मध्येच कुणी रडलं तरी बाकीचे ओढून नेतील अशी तीन गीतं आठवली. त्यांचे आकडे डब्यातून शोधले. एक सात कमी पडला, म्हणून तिसरं गीत बदललं. मग फरशी पुसायला बादली घेतली.