मिठाची जीप

मीठ वाहिलेली गाडी कितीही झाडा, कोपऱ्यात चार खडे राहतातच. आमच्या जीपच्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगायला बसले की सीटखालून दुसरी निघते. नातवंडं म्हणतात, आजी, आता सगळ्या सांगून झाल्या. मी म्हणते, अरे, अजून नीट झटकली कुठं?

तर आणीबाणीच्या आधी, नाशकात पेठ नाक्याच्या अलीकडं, दोन खोल्यांत सहा जीव राहायचे. मी, आमचे हे, सासूबाई, दोन पोरं आणि जीप. जीप अंगणात असायची, पण धरायची घरातच. लिलावातली जुनी गाडी. हे तिच्यातून हरसूलच्या बाजाराला माणसं न्यायचे आणि तिथल्या किराणा दुकानांसाठी खडेमिठाची पोती. हिवाळ्यात दव पडलं की पोती पाझरायची. खारं पाणी तळाशी उतरायचं आणि पत्रा खायचं. वर्षातून एकदा सरकारी साहेब गाडी तपासायचे, त्याला पासिंग म्हणायचं. नापास झाली तर जीप भंगारात, आणि तिच्यामागून आमची भाकरी. त्यामुळं तिला मिठापासून आणि थंडीपासून सांभाळणं हेच आमच्या घरातलं मोठं काम.

* * *

पत्रा सडलाय हे आम्हाला सांगितलं एका म्हातारीनं. हरसूलकडची होती. नागलीची, म्हणजे नाचणीची, पिशवी पायाशी ठेवून नाशकात पोरीकडं निघाली होती. पिशवीला खालून बारीक भोक, आणि नेमकं त्याच्याखाली जीपच्या तळालाही. नाक्यावर उतरताना तिनं पिशवी उचलली तर निम्मीच. मागं वळून बघितलं, तर रस्त्यावर नागलीची सरळ रेघ, नजर जाईल तिथवर.

हे खजील होऊन उभे. म्हातारीनं वाकून जीपखाली पाहिलं, मग ह्यांच्याकडं.

"दादा, ही जीप हाय का पेरायची पाभर?"

हे तिला घरी घेऊन आले. मी घरातली नागली तिच्या पिशवीत भरली आणि भोकाला टाका घातला. जाताना ह्यांना म्हणाली, "मिरगाला ये आमच्याकडं. पेरनीला बैल नाय."

* * *

जीपचे डॉक्टर म्हणजे युसूफभाई, पलीकडच्या गल्लीतले मेकॅनिक. त्यांनी भोकं तात्पुरती बुजवली आणि ह्यांना बजावलं, "नमक और लोहा, इनको आमने-सामने बिठानाच नहीं. बीच में कुछ तो मंगताय." दर हिवाळ्याआधी खालून जळकं ऑइल चोपडायचं, असं औषध दिलं.

सासूबाईंना ते लगेच पटलं. "लोणच्याच्या बरणीला मी कधी लोखंडाचं झाकण लावलं का? त्या माणसाला अक्कल आहे." पण मुहूर्त त्यांचा. "तेल लावायचंच तर दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला लावा. घरात सगळ्यांना लागतं, तिनं काय पाप केलं?"

झालं. दिवाळीच्या पहाटे पोरांना मी तेल लावतेय आणि हे चिंध्या घेऊन जीपखाली. निम्मं ऑइल जीपला लागलं, निम्मं ह्यांना. उजाडलं तशा सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन आल्या. हे सरपटत बाहेर आले. सासूबाईंनी जीपला कुंकू लावलं, मग ताट तसंच धरून ह्यांच्याकडं निरखून पाहिलं.

"जीप ओळखली. हा कोण?"

* * *

मिठाची खेप करून आली की त्याच दिवशी गोड्या पाण्यानं तळ धुवायचा, हा युसूफभाईंचा दुसरा नियम. एका साली नळाला पाणी दिवसाआड, तेही दोन हंडे. हे हंड्याकडं बघायचे आणि मी ह्यांच्याकडं.

"माणसं धुवायची का जीप?" मी विचारलं.

"दोन्ही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पाट उचलून जीपमध्ये मांडला आणि पोरांना त्यावर बसवलं. पाणी पोरांच्या अंगावरून तळावर, तळाच्या फटींतून खाली. एका हंड्यात तीन आंघोळी.

शेजारीण कुंपणावरून सगळं बघत होती. "तुमचं बाई वेगळंच," ती म्हणाली. "पोरं आंघोळीलासुद्धा जीपनं जातात."

* * *

जानेवारीत जीपचं इंजिन आखडून बसायचं. हँडल मारून मारून ह्यांचा खांदा जायचा. म्हणून माझी माहेरची गोधडी बॉनेटवर गेली आणि मी पातळ चादरीत.

एकदा पहाटे मी चुलीपाशी काकडत होते. अंगणातून ह्यांचा आवाज आला, "लय गारठलीस ना गं?"

लग्नाला आठ वर्षं झाली होती, एवढ्या मऊ आवाजात कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हो ना. दोन दिवस झाले, अंगातनं जातच नाही."

बाहेर हँडल खाली ठेवल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "तुला नाय. हिला विचारतोय."

त्या संध्याकाळी हरसूलच्या बाजारातून नवी घोंगडी आली. जीपला तर गोधडी होतीच.

* * *

एवढं करूनही एका साली साहेबांनी हातोडी मारली आणि ती तळातून आरपार गेली. "महिन्याची मुदत देतो. तळ असाच दिसला तर पासिंग नाही."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नुसतं बुजवून भागणार नव्हतं, चांगला जाड पत्रा हवा होता. युसूफभाई घरात येऊन सगळीकडं बघत राहिले. शेवटी नजर थांबली ती माझ्या लग्नातल्या ट्रंकेवर.

मीच लुगडी बाहेर काढून ट्रंक रिकामी केली. माझ्या वडिलांनी झाकणावर पेंटरकडून माझं नाव लिहून घेतलं होतं. मला वाचता येत नाही, पण ती अक्षरं मी ओळखत होते.

युसूफभाईंनी झाकण जीपच्या तळाला जोडलं, नावाची बाजू खाली. सगळीकडं जळकं ऑइल चोपडलं, तेवढं नाव सोडून. "भाभी का नाम है. इसपे काला नहीं लगाऊंगा."

पासिंगला डबा घेऊन मीही गेले. साहेबांनी हातोडी मारली. टण्ण. दुसरीकडं मारली. टण्ण. मग बॅटरी घेऊन जीपखाली शिरले आणि तिथूनच ओरडले, "सौ. गिरजाबाई! कोण आहे ही?"

ह्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर माझं नाव कधी घेतलं नव्हतं. खाली बघत म्हणाले, "आमच्या घरातून."

साहेब बाहेर आले, गुडघे झटकले, कागद चाळले. "गाडी तुमच्या नावावर आहे ना?"

"व्हय साहेब," हे म्हणाले. "वरून माझ्या हाय. खालून तिच्या."

साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि शिक्का मारला.

त्या जीपनं पुढं बरीच वर्षं मीठ वाहिलं. मग आमच्या दारात दुसरी आली, कोरी करकरीत. सासूबाईंनी नारळ फोडला, युसूफभाई पेढे वाटत होते. पेंटर रंगाचा डबा घेऊन आला आणि ह्यांना म्हणाला, "काका, पुढच्या काचेवर कुणाचं नाव टाकू? देवाचं का पोरांचं?"

हे घरात गेले, चटई घेऊन आले, जीपखाली अंथरली आणि पेंटरला म्हणाले, "सरक आत."