कानात ताहेरा, दारात गाड्या

बहरीनमधल्या जिदहफ्सच्या बाजारामागे जमालुद्दीनचं कोल्ड स्टोअर आहे. दूध, खुबूस रोट्या, अंडी, थंड पाणी असं किरकोळ सामान. गिऱ्हाईक गाडीतून उतरत नाही. दारात हॉर्न वाजवतं. रत्नागिरीकडचा हुसेन धावत जातो, खाली झालेल्या काचेतून ऐकतो आणि सामान गाडीत आणून देतो. तीन गाड्यांचं एकदम ऐकूनही त्याची कधी गफलत होत नसे.

या रमजाननंतर मात्र बिनसलं. काचेपाशी ऐकलेलं फ्रिजपाशी पोचेपर्यंत पुसलं जाई. दह्याच्या जागी ताक जाई, अंडी राहूनच जात. गाड्या परत येत, चिडक्या हॉर्नसकट.

"हुसेनभाई, हा महिना बघतो," जमालुद्दीन म्हणाला. "मग व्हिसा रिन्यू करायचा का ते ठरवू."

हुसेन धास्तावला. त्याचे वडील शेवटी पोरांची नावंही विसरले होते. तेच आता आपल्या वाट्याला आलं, असं त्याने मनात घेतलं आणि बायकोला, ताहेराला, सांगितलं. त्यासाठी वेगळा फोन लावायची गरज नव्हती. ईदला मुलाने इयरफोन पाठवल्यापासून गावाकडची ताहेरा दिवसभर त्याच्या कानातच असे.

"काल शेळीचं काय सांगितलं मी?" तिने विचारलं.

"कुंपणात पाय अडकला. शेजारच्या शाजियाच्या पोराने सोडवली."

"न परवा कालवणात काय घातलेलं?"

"चिंच. कोकमं संपलेली."

"मंग विसरता कुठं? गाडीवाल्याचं तुमी ऐकतच नाय. जे आत गेलंच नाय ते ऱ्हाईल कसं?"

हुसेनला तिचं म्हणणं पटत होतं, तेच नको होतं. तिचा केरसुणीचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या कानात असल्या की दुपार घरात गेल्यासारखी वाटे.

"मंग काय करू?"

"दुकान बंद होईस्तवर बोलायचं नाय."

"दिवसभर?"

"मला काय बरं वाटतंय? पण व्हिसा गेला तर हितं येऊन दिवसभर बोलाल, न खाल काय? माझं डोकं?"

सकाळी तो इयरफोन खोलीवरच ठेवून आला. दुकान फार शांत वाटलं. हॉर्न वाजला. पांढऱ्या गाडीत एक बाई होती, मागच्या सीटवर हाताला प्लास्टर घातलेली छोटी मुलगी. ताक, खुबूस, अंडी, पाण्याची मोठी बाटली. हुसेन पुटपुटत आत गेला, सगळं घेऊन बाहेर आला. बाईने पिशवीत पाहिलं, मान डोलावली, काच वर केली.

काही राहिलं नव्हतं. हे ताहेराला सांगायचं होतं, त्या मुलीच्या प्लास्टरचंही. पण दुकान बंद व्हायला सगळा दिवस होता, आणि दारात दुसरी गाडी येऊन थांबली होती.